आउएचं स्टेडियम: जर्मनीत एकच मॅच बघणार असाल तर इथे बघा

जर्मनीत राहणाऱ्या आपल्या मंडळींना फुटबॉल बघायची हुक्की आली की म्युनिक आणि डॉर्टमुंडपलीकडे नाव सुचत नाही. तिकिटासाठी महिनोन्‌महिने थांबायचं, मिळालंच तर भरपूर पैसे मोजायचे आणि अगदी वरच्या रांगेत बसून मुंगीएवढे खेळाडू बघायचे. मी केम्निट्झला मास्टर्स करतेय आणि मला कुणी विचारलं तर मी सरळ सांगते, आउएला जा. एर्त्सगेबिर्गे डोंगरातलं हे छोटं गाव, वस्ती जेमतेम सोळा हजारांची. एफसी एर्त्सगेबिर्गे आउए या इथल्या क्लबच्या मैदानात तेवढीच, सुमारे १६ हजार माणसं मावतात.

मला तिथे घेऊन गेले आमच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ. निवृत्तीला आलेले गृहस्थ, एरवी मोजकं बोलणारे. त्यांचे वडील विस्मुटच्या खाणीत होते. विस्मुट म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाने इथे युरेनियम काढण्यासाठी उभी केलेली कंपनी. १९९० पर्यंत सॅक्सनी आणि थ्युरिंगियातून तिने सुमारे २ लाख ३१ हजार टन युरेनियम उपसलं. पहिल्या वर्षांत खडक कोरडाच फोडायचे, पाणी न मारता, त्यामुळे दगडाची धूळ थेट फुफ्फुसात जायची. हजारो कामगार त्या धुळीने आणि रेडॉन या किरणोत्सारी वायूने आजारी पडले. तंत्रज्ञांच्या वडिलांना उतारवयात जिना चढतानाही थांबावं लागायचं, पण मॅचचा दिवस त्यांनी कधी चुकवला नाही, असं ते गाडीत सांगत होते. हा क्लब कुणाचा आहे हे मला त्या प्रवासातच समजलं.

जायचं कसं, ते आधी सांगते. केम्निट्झहून आउएला थेट गाडी आहे. थालहाइम, त्स्व्योनिट्झ, ल्योसनिट्झ करत ती डोंगरात शिरते. मॅचच्या दिवशी जांभळे स्कार्फ प्रत्येक स्टेशनवर वाढत जातात, त्यामुळे उतरल्यावर रस्ता विचारायची गरज पडत नाही. एक गोष्ट मात्र पाळा. केम्निट्झचा क्लब आकाशी निळा घालतो आणि दोन्ही गावांचं फुटबॉलमध्ये जुनं वैर आहे. आकाशी जॅकेट असेल तर ते घरीच ठेवा.

तिकीट क्लबकडूनच घ्या. पुढच्या खेपेला मी मैत्रिणींसाठी एका पुनर्विक्रीच्या वेबसाइटवरून तिकिटं काढली. जवळपास दुप्पट पैसे गेले, आणि एकत्र म्हणून घेतलेल्या जागा तीन वेगवेगळ्या रांगांत निघाल्या. तक्रारीच्या ईमेलला आजपर्यंत उत्तर नाही. हा क्लब म्हणजे बायर्न म्युनिक नव्हे, तिकिटासाठी दलालाकडे जायची वेळ सहसा येत नाही. आणि घ्यायचंच तर उभ्याचं घ्या. स्वस्त पडतं हे आहेच, पण जे बघायला यायचं ते उभ्या स्टँडमध्येच घडतं.

मैदान १९५० सालचं. तेव्हा त्याला पूर्व जर्मनीचे पहिले पंतप्रधान ओटो ग्रोटेव्होल यांचं नाव होतं. एकीकरणानंतर ते नाव गेलं आणि डोंगराचं नाव आलं. पूर्वी मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक होता, प्रेक्षक लांब बसायचे. २०१६ ते २०१८ या काळात सगळं नव्याने बांधलं, ट्रॅक काढला आणि स्टँड मैदानाजवळ आणले. काम चालू असतानाही सामने इथेच होत राहिले. आता कॉर्नर घेणारा खेळाडू श्वास घेतो तेही ऐकू येतं. छत चारही बाजूंना आहे, पण वारा ल्योसनिट्झच्या दरीतून थेट आत येतो. नोव्हेंबर ते मार्च जाणार असाल तर दोन जोड मोजे घाला. मी जाड बूट घालूनही पहिल्या हाफमध्येच गारठले होते. खायला रोस्टर, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेला सॉसेज, पावात घालून देतात. थंडीत त्याच्याबरोबर गरम वाइन. ग्लासाला अनामत रक्कम असते, ग्लास परत केला की ती हातात मिळते. खाण्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखी आहे ती मॅच सुरू होण्याआधीची पाच मिनिटं. खेळाडू आत येतात आणि सगळं स्टेडियम खाणकामगारांचं जुनं गाणं म्हणतं. शब्द कुठे वाचून म्हणत नाहीत, सगळ्यांना पाठ असतात. माझ्या पुढे साधारण सात-आठ वर्षांची मुलगी आजोबांच्या खांद्यावर बसून गात होती आणि आजोबांनी टोपी काढून हातात धरली होती. आमच्या तंत्रज्ञांनी गळ्यातला स्कार्फ दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरला. वडिलांचा स्कार्फ. लोकर विरलेली, जांभळा रंग उडून करडा झालेला, आणि टोकाला एकमेकांवर तिरके ठेवलेले दोन हातोडे भरलेले. हेच हातोडे आजही क्लबच्या चिन्हात आहेत. तिथली शेवटची युरेनियमची खाण बंद होऊन तीन दशकं उलटली तरी स्टँडमधून घोषणा येते ती ‘विस्मुट आउए’ हीच. अनोळखी माणूससुद्धा शेजारी येऊन उभा राहिला की ‘ग्ल्युक आउफ’ म्हणतो. खाणीत उतरताना एकमेकांना म्हणायचे तेच.

या क्लबचा इतिहास ठाऊक असेल तर ती पाच मिनिटं अंगावर येतात, म्हणून थोडा सांगते.

क्लब सुरू झाला १९४६ मध्ये. पुढे विस्मुट कंपनीच्या छत्राखाली आला आणि १९५१ मध्ये पूर्व जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत पोचला. १९५४ मध्ये सरकारने ठरवलं की चांगले संघ मोठ्या शहरांत हलवायचे. आउएचा संघ जायचा होता कार्ल-मार्क्स-स्टाडला, म्हणजे आजच्या केम्निट्झला. त्या राजवटीत असे निर्णय वरून यायचे आणि खाली पाळले जायचे. दुसऱ्या गावांचे संघ रातोरात उचलून नेले गेले. आउएचे खाणकामगार मात्र अडून बसले. युरेनियम त्यांच्या हातातून येत होतं, त्यांना दुखवणं परवडणारं नव्हतं. शेवटी तडजोड झाली. नाव कार्ल-मार्क्स-स्टाडचं लावायचं, पण खेळायचं आउएलाच. १९६३ पर्यंत असंच चाललं आणि मग गावाचं नाव परत आलं. मला या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते, विजेतेपदांपेक्षाही.

विजेतेपदंही आहेतच. १९५५ चा पूर्व जर्मन कप, आणि १९५६, १९५७, १९५९ अशी तीन वर्षं लीगचं अजिंक्यपद. त्या संघात विली ट्र्योगर नावाचा स्ट्रायकर होता. युद्धात कोवळ्या वयात त्याने उजवा हात गमावला होता. तरी १९५४-५५ च्या मोसमात २२ गोल करून तो लीगमध्ये पहिला आला आणि देशाकडूनही खेळला. त्याच संघातला मान्फ्रेड कायझर १९६३ मध्ये पूर्व जर्मनीचा वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. तो मान मिळवणारा तो पहिलाच.

६ ऑक्टोबर १९५६ ला लाइपझिगच्या नव्या कोऱ्या स्टेडियममध्ये विस्मुटची गाठ पश्चिमेकडच्या कायझर्सलाउटर्नशी पडली. मैत्रीपूर्ण सामना, पण बघायला लाखभर माणसं. त्या संघात १९५४ चा विश्वचषक जिंकलेला कर्णधार फ्रिट्झ वाल्टर होता. चेंडू मागे राहतोय हे दिसताच त्याने स्वतःला पुढे झोकून दिलं आणि टाचेने गोल मारला. जर्मनीत आजही त्या गोलाबद्दल बोलतात. विस्मुट ५–३ ने हरलं. आमच्या तंत्रज्ञांच्या वडिलांनी तो सामना स्टँडमधून बघितला होता, आणि घरात त्या पराभवाची गोष्ट अजिंक्यपदांपेक्षा जास्त वेळा सांगितली जायची.

युरोपियन कपमध्येही हा डोंगरातला संघ उतरला. १९५७ मध्ये वॉर्साच्या ग्वार्डियाशी तीन सामने होऊनही निकाल लागेना, शेवटी नाणं उडवलं आणि नाणेफेक विस्मुटच्या बाजूने पडली. पुढच्या फेरीत गाठ अॅमस्टरडॅमच्या आयाक्सशी, तिथे हार. त्याच्या पुढच्या मोसमात मात्र उपांत्यपूर्व फेरी गाठली. १९५१ ते १९९० हा संघ पहिल्या श्रेणीतून एकदाही खाली गेला नाही. नंतरच्या काळात डायनॅमो बर्लिन, ड्रेस्डेन यांच्यामागे बलाढ्य सरकारी खाती होती, चांगले खेळाडू तिकडे ओढले जात. आउए बहुतेकदा तळाशी झुंजायचं आणि टिकायचं. १९९० मध्ये, नेमकं देश एक होत असताना, संघ खाली घसरला. खाणीही त्याच सुमाराला बंद पडल्या. काम गेलं, तरुण पश्चिमेला गेले.

१९९३ मध्ये क्लबने आजचं नाव घेतलं. गेर्ड शेडलिश प्रशिक्षक असताना २००३ मध्ये संघ दुसऱ्या बुंडेसलीगात, म्हणजे देशातल्या दुसऱ्या श्रेणीत पोचला, आणि तेव्हापासून वर-खाली चालूच आहे. २००८ ला खाली, २०१० ला वर, २०१५ ला खाली, लगेच २०१६ ला वर, २०२२ ला पुन्हा तिसऱ्या लीगमध्ये. गोलकीपर मार्टिन मेनल २००८ पासून या सगळ्या चढ-उतारांत गोलपाशी उभा राहिला. आजच्या फुटबॉलमध्ये असा माणूस शोधून सापडणार नाही, आणि त्याचं नाव पुकारल्यावर स्टँड कसा दणाणतो ते प्रत्यक्षच ऐका.

खेळाचा दर्जा खालच्या लीगचाच आहे, हे स्पष्ट सांगते. लांब पास, हवेतले चेंडू, चिखलात घसरून केलेले टॅकल. नाजूक पासिंग बघायचं असेल तर निराश व्हाल. पण इथे टॅकलला गोलइतक्याच टाळ्या पडतात, आणि कष्ट करणाऱ्या खेळाडूच्या चुका हे प्रेक्षक लवकर माफ करतात. आळशीपणा मात्र नाही. एका विंगरने चेंडू गमावल्यावर मागे पळायचा कंटाळा केला, तेव्हा आमच्या अख्ख्या ब्लॉकने त्याला जे सुनावलं त्यातले अर्धे शब्द मला जर्मनच्या वर्गात कधी शिकवले नव्हते. ड्रेस्डेन किंवा जवळच्या शहरांविरुद्धचे सामने गरम असतात, पोलिसही भरपूर असतात. लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर दुसरी एखादी मॅच निवडा. एरवी मला तिथे एकदाही अवघडल्यासारखं वाटलं नाही. परदेशी मुलगी बघून लोक उलट समजावून सांगायला लागतात, आणि त्यांची बोली एवढी वेगळी आहे की नीट कान देऊन ऐकावं लागतं.

मॅच दुपारची असेल तर सकाळीच निघा आणि आधी बाड श्लेमाला जा. २०१९ पासून ते आउएबरोबर एकाच नगरपालिकेत आहे. युद्धापूर्वी तिथे रेडियमच्या पाण्याचं मोठं स्नानगृह होतं. पन्नासच्या दशकात युरेनियमसाठी खालून जमीन पोखरली, वरचं जुनं गाव खचलं आणि पाडावं लागलं. १९९० नंतर त्याच खचलेल्या जमिनीवर बाग केली आणि स्नानगृह पुन्हा सुरू केलं. बागेत फिरायला तासभर पुरतो. तिथून किक-ऑफच्या निदान पाऊण तास आधी मैदानात पोचा, कारण उभ्या स्टँडमध्ये मधल्या जागा लवकर भरतात आणि गाणं दाराबाहेरच्या रांगेतून ऐकण्यात काही अर्थ नाही.