स्वारगेट–वाई साधी गाडी: फक्त वाहकाच्या बोलण्याबद्दल

आधीच सांगते, आसनं, खिडक्या, वेळापत्रक यांबद्दल इथे काही मिळणार नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी हिंजवडीत चार वर्षं एका मोबाइल कंपनीच्या मराठी ग्राहकांचे फोन घ्यायचे. तेव्हापासून कुठेही गेले की समोरचा माणूस गिऱ्हाइकाशी कसं बोलतो इकडेच माझा कान असतो. गेल्या महिन्यात मावसबहिणीकडे वाईला निघाले, तर जागा मिळाली नेमकी वाहकाच्या बाकाशेजारी. अडीच तास फुकट ऐकायला मिळालं.

वाहक पन्नाशीचे, बोली सातारकडची. स्वारगेटलाच दारात एक कॉलेजचा मुलगा कानात बोंडं घालून उभा होता. त्याला म्हणाले, "आत ये की लेका, वारं आतबी हाय." मुलगा हसून आत आला. आमच्याकडे हेच वाक्य 'आपल्या सुरक्षिततेसाठी कृपया' असं सुरू झालं असतं, आणि ते संपेपर्यंत कात्रजचा बोगदा आला असता.

मग तिकिटं. बायकांना हाफ, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट, हे आता सगळ्यांना पाठ आहे. माझ्या पुढच्या बाकावर एक आजी होत्या, नऊवारीतल्या. त्यांनी मोठ्या रुबाबात आधारकार्ड पुढे केलं. जन्मतारीख एक जानेवारी (त्या वयाच्या पुष्कळांची तीच असते, आधार काढताना कुणी लिहिलेली). हिशेब त्र्याहत्तरचा निघत होता. वाहकांनी कार्ड लांब धरून वाचलं आणि म्हणाले, "आज्जी, सरकार म्हणतंय तुमी अजून तरण्या हाय. दोन वरसं दम धरा, मग फुकाट फिरा. तवर हाफ." आजी म्हणाल्या, "सरकारला काय ठावं माझं वय?" "मला तरी कुठं ठावं? मशीनला इचारा." अख्खी गाडी हसली, पैसे निघाले, तिकीट फाटलं. नियम तसूभर सरकला नाही, पण आजींचा पाणउताराही झाला नाही.

इथे मला माझं एक आठवलं, ते सांगते. लातूरकडच्या एका माणसाचा फोन आला होता, वडील वारले, त्यांचा नंबर बंद करायचाय. माझ्या पडद्यावर अशा वेळी म्हणायचं वाक्य तयार होतं: 'आपली अडचण मी समजू शकते.' ते म्हटलं की तपासणीत गुण मिळत. त्यानंतर नवी योजना सांगणं सक्तीचं. मी वाचायला लागले, मध्येच थांबले. पलीकडून तो म्हणाला, "वाचा ताई, तुमचं कामच हाय ते." फोन ठेवताना 'आणखी काही मदत हवी आहे का' हेही विचारलं मी. त्या फोनला मला पैकीच्या पैकी गुण पडले.

आता पुन्हा गाडीत. खेड शिवापूरच्या टोलनाक्यानंतर कळलं की एक आजोबा भोरला जायचे होते आणि चुकून आमच्या गाडीत बसलेत. ते घाबरून उभेच राहिले. वाहक माफी मागत बसले नाहीत, ओरडलेही नाहीत. "बसा बसा, काय झालं न्हाय. कापूरहोळला उतरवतो, तिथनं भोरची गाडी गावती." कापूरहोळ आलं तशी एक घंटी दिली, स्वतः खाली उतरले, आजोबांची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि टपरीवाल्याला हाक मारून सांगितलं, "भोरच्या गाडीत बसव रं ह्यांना." मग वर चढून टिंग टिंग. चाळीस सेकंद लागली असतील. (फोनचे सेकंद मोजायची सवय, दुसरं काय.)

सगळंच गोड होतं असं नाही. खंबाटकीच्या घाटात एक गृहस्थ फोनवर मोठमोठ्याने जमिनीचा सौदा करत होते, त्यांना मिळालं ते असं: "सायेब, एकर किती ते समद्यांना कळलं. आता भाव हळू सांगा." त्या गृहस्थांचा चेहरा पडला. माझ्या मते ते त्यांना मिळायलाच हवं होतं, पण तुम्ही त्या जागी असाल तर कदाचित एक तारा कमी द्याल.

माझे वीस रुपये सुट्टे नव्हते म्हणून त्यांच्याकडे राहिले होते, तिकिटामागे पेनाने लिहून. मी विसरले होते. सुरूर फाट्याला गाडी वाईकडे वळली तशी त्यांनीच दोन दहाच्या नोटा पुढे केल्या. 'प्रवाशांच्या सेवेसाठी' हे एसटीच्या गाडीवर रंगवलेलं असतं. त्यांच्या तोंडून सेवा हा शब्द मी एकदाही ऐकला नाही, 'आपण' तर नाहीच. वयस्कांना तुमी, पोरांना लेका, मला 'ताई'.

पाच तारे. वाईच्या स्थानकात उतरताना सवयीने माझ्या तोंडून निघालं, "धन्यवाद, आपला दिवस शुभ असो." ते क्षणभर माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "व्हय. पायरी उंच हाय, दमानं उतरा."