जागलीवरचा बायबल-डबा: आवाज खणखणीत, बटणं कमी

हरभरा घाट्यावर आला की आमच्याकडं, दारव्हा तालुक्यात, रानडुकरांसाठी जागल करावी लागते. आईला अक्षरओळख नाही, पण जागलीला ती माझ्याआधी निघते. तिच्यासाठी मागच्या हिवाळ्यात हा मराठी बायबल वाजवणारा डबा मागवला. कुरियर गावात येत नाही, म्हणून दारव्ह्याहून आणला. चौदाशे रुपये पडले.

आधी चांगलं सांगतो. आकार जुन्या ट्रान्झिस्टरएवढा, पाठीवर सोलरची पट्टी. दिवसभर उन्हात ठेवला की रात्री जेमतेम तीन तास चालतो, धुक्याच्या दिवसात दोन. आवाज खोपडीपासून धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, स्वच्छ जातो. वाचणाऱ्याची मराठी शुद्ध आहे, आईला समजते.

आता रडगाणं. बटण फक्त बायबलमधलं पुस्तक बदलायचं आहे, अध्यायाचं नाहीच. त्यात डबा बंद पडला की तेच पुस्तक पुन्हा पहिल्यापासून. ‘निर्गम’ पूर्ण ऐकायला तीन तासांच्या वर लागतात, त्यामुळं देवानं मिसरावर, म्हणजे इजिप्तवर, धाडलेली बेडकं आम्ही चार वेळा ऐकली. सुरुवातीचे अध्याय आईला पाठ झाले आणि शेवटचे राहून गेले. ‘योना’ लावला की योना संदेष्टा परमेश्वराच्या समोरून पळून जायला निघतो, ते लगेच ऐकू येतं. पण तुझ्यासमोरून मी कुठं पळू, हे विचारणारं स्तोत्र ‘स्तोत्रसंहिते’त १३९ वं. तिथवर हा डबा एकदाही पोचला नाही. नुसत्या डब्यावर विसंबलं तर देवापासून पळता येतं असंच वाटेल.

‘शास्ते’चा पहिला अध्याय तर रोजचा झाला. १९ व्या वचनात परमेश्वर यहूदाच्या वंशाबरोबर होता, तरी खोऱ्यातल्या लोकांना घालवता आलं नाही, कारण त्यांच्याकडं लोखंडी रथ होते. मी म्हटलं, देव संग होता तर रथ कसे पुरून उरले? आई शेकोटीत पऱ्हाटी सारत म्हणाली, “तुया बापही निंदनाले संगच राहे. धुऱ्यावर बसून.”

खरी पंचाईत ‘निर्गम’च्या ३३ व्या अध्यायात झाली. एका रात्री बॅटरी तिथवर टिकली. ११ व्या वचनात परमेश्वर इस्राएल लोकांच्या पुढाऱ्याशी, मोशेशी, समोरासमोर बोलतो, मित्राशी बोलावं तसा. १७ व्यात सांगतो, तुझ्यावर माझी कृपा आहे. आणि २० व्यात म्हणतो, माझं तोंड तुला पाहता येणार नाही, पाहून कोणी जगत नाही. आई ताडकन उठून बसली. “काऊन रे, आत्ताच त समोरासमोर म्हने! मांगं घे.” मागं घ्यायचं बटण कुठं आहे? शेवटी सकाळी घरी जाऊन पुस्तकच उघडलं.

आमच्या चर्चचे म्हातारे पाळकसाहेब, यवतमाळचं सेमिनरी, म्हणजे पाळकांचं विद्यालय, १९८३ मध्ये पुण्याला जायच्या आधी तिथं शिकलेले, त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, हिब्रूत ‘पानीम’ म्हणजे तोंड, आणि ‘पानीम’ म्हणजेच समक्षताही. १४ व्या वचनात मी स्वतः सोबत येईन म्हटलंय, तिथंही मुळात ‘माझं तोंड येईल’ असंच आहे. समोरासमोर म्हणजे आडपडदा न ठेवता बोलणं. २० व्यातली गोष्ट तेजाची, कारण मोशेनं १८ व्यात तेच मागितलं होतं. मला अर्धं पटलं. एकाच अध्यायात एकच शब्द तीन वाटांनी चालत असेल, तर मराठीत ऐकणाऱ्यानं काय करावं?

आईला मात्र पूर्ण पटलं, पण तिच्या हिशोबानं. “सासऱ्यासंग मी बावीस वर्स समोरासमोरच बोलली. डोक्यावर पदर, नजर खाली. त्यायचं तोंड कवा पायलं?” मोशे तंबूत शिरला की दाराशी ढगाचा खांब उभा राही, हे त्याच अध्यायात आहे. ते मला तिच्या पदरावरून आठवलं.

तर तुम्ही घेणार असाल तर अध्यायाचं बटण असलेला डबा घ्या, दोन-तीनशे जास्त गेले तरी चालतील. याला पाचातले तीन तारे. डुकरं यंदा कमी आली, ती आवाजामुळं की शेजाऱ्यानं लावलेल्या झटक्याच्या तारेमुळं, सांगता येत नाही.

परत पाठवायची मुदत दहा दिवसांची होती. आई म्हणाली, एकडाव ‘निर्गम’ पुरा होऊ दे. अजून व्हायचाय.