युज केससाठी प्लांटयूएमएल घ्या, पण आधी टीमचे नियम ठरवा

आमच्या टीममध्ये युज केस डायग्राम (सिस्टिम वापरून कोण काय साधतं ते दाखवणारं चित्र) प्लांटयूएमएलमध्येच, म्हणजे लिहिलेल्या मजकुरातून चित्र बनवणाऱ्या टूलमध्येच काढतात आणि नवीन प्रोजेक्टला मी हेच सुचवेन, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, फक्त नियम आधी लिहून ठेवा कारण हे टूल चित्र काढतं, मॉडेल तपासत नाही. इन्क्लूड (एका युज केसमध्ये दुसरा नेहमीच येतो), एक्स्टेंड (दुसरा काही वेळाच जोडला जातो) हा त्याच्या दृष्टीने बाणावरचा नुसता मजकूर. समजा हाउसिंग सोसायटीचं ॲप आहे, 'मेंटेनन्स भरणे' हा मूळ युज केस आणि उशीर झाला तरच लागणारा 'दंड आकारणे', तर एक्स्टेंडचा बाण दंडाकडून मेंटेनन्सकडे जायला हवा, इन्क्लूडमध्ये मात्र तो मूळ युज केसकडून निघतो. तुम्ही उलटा टाकलात तरी चित्र तयार, एरर नाही काही नाही! हे रिव्ह्यूमध्ये माणसानेच पकडायचं.

आणि तिथेच हे टूल आवडतं. डायग्राम म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं टूल) कोडशेजारी राहते, कोणी नाव बदललं की डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्यातल्या फरकात, लगेच दिसतं. ॲक्टर आणि स्टाइल एका कॉमन फाइलमध्ये ठेवा, बाकीच्या डायग्रामच्या फाइलमध्ये ती जोडून घ्यायची, मग एकाचा 'मेंबर' आणि दुसऱ्याचा 'सभासद' हा घोळ होत नाही. ॲक्टर म्हणजे भूमिका बरं का, माणूस नव्हे. खजिनदार स्वतःचा मेंटेनन्स भरतो तेव्हा तो सभासदच. 'लॉगिन'ला वेगळा युज केस करू नका असंही मी नियमात लिहीन, नुसतं लॉगिन करायला ॲप कोण उघडतं? नाव वाचून वापरणाऱ्याला शेवटी काय मिळणार ते कळलं पाहिजे.

मेन फ्लो, पर्यायी फ्लो, प्रीकंडिशन (सुरू करण्याआधी काय असायला हवं) हे सगळं शब्दांतच लिहावं लागतं, शेजारी मार्कडाउन (साध्या मजकुराची) फाइल ठेवा. खरी रिक्वायरमेंट तिथे असते, डायग्राम ही अनुक्रमणिका.

लेआउट ग्राफविझ हा वेगळा प्रोग्राम ठरवतो, त्यामुळे युज केसच्या अंडाकृती हव्या त्या जागी बसत नाहीत, 'लेफ्ट टू राइट डिरेक्शन' टाकलं की बरंच सुधारतं. क्लायंटचं काम असेल तर ऑनलाइन सर्व्हर नको, डायग्रामचा मजकूर एन्कोड होऊन लिंकमध्येच जातो, आपल्याच मशीनवर चालणारी प्लांटयूएमएलची जार फाइल वापरा.

एकच युज केस अनेक डायग्राममध्ये असेल आणि एकीकडे नाव बदललं की सगळीकडे बदलायला हवं, रिक्वायरमेंटशी ट्रेसिंगही (कोणता युज केस कोणत्या रिक्वायरमेंटसाठी याची जोडणी) हवं, तर मात्र एंटरप्राइज आर्किटेक्टसारखं मॉडेलिंग टूल बघा.