‘लॉर्ड ऑफ वॉर’ आधी की ‘वॉर डॉग्स’?

शस्त्रांच्या धंद्यावरचा एकच सिनेमा बघणार असाल, तर ‘लॉर्ड ऑफ वॉर’ (२००५) बघा. अँड्र्यू निकोलच्या या सिनेमाचं हवं तेवढं कौतुक झालं नाही, याची मला अजून हळहळ वाटते. सुरुवातच घ्या. कॅमेरा एका गोळीसोबत निघतो: कारखाना, खोका, जहाज, आफ्रिकेतली बंदूक, आणि शेवटी एका लहान मुलाचं कपाळ. निकोलस केजचा युरी खुनशी नाही. तो हाडाचा विक्रेता आहे; विकलेल्या मालाचं पुढे काय होतं, तिकडे बघायचं नाही एवढंच त्याने ठरवलंय. धाकटा भाऊ विताली मात्र बघतो, आणि त्याला ते सोसवत नाही. तो प्रसंग माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

टॉड फिलिप्सचा ‘वॉर डॉग्स’ (२०१६) सत्यघटनेवर बेतलेला. मायामीतली दोन पोरं पेंटॅगॉनचं सुमारे ३० कोटी डॉलरचं कंत्राट मिळवतात आणि अल्बेनियात पडून असलेल्या चिनी गोळ्यांची खोकी बदलून त्या अफगाण सैन्यासाठी धाडतात. कंत्राटांची कार्यपद्धती यात जास्त नीट कळते, जोना हिलही झकास. पण त्या गोळ्या ज्यांना लागणार, ती माणसं पडद्यावर जवळजवळ नाहीतच. मोडलेल्या मैत्रीचंच दुःख उरतं. म्हणून हा नंतर बघा.