अलाइव्ह-२, आठ महिन्यांनंतर : लूप असला की ‘बरोबर’ म्हणजे किती बरोबर?

एलएलव्हीएम या कम्पायलर बनवण्याच्या प्रकल्पातल्या लूप पासवर (लूप सुधारून लिहिणाऱ्या टप्प्यावर) मी काम करतो. लूप सोपा करणारा कोड लिहिणं जमतं. तो कुठल्याच इनपुटला उत्तर बदलत नाही हे दाखवताना घाम फुटतो. आधी सगळी भिस्त फाइलचेकवर होती, म्हणजे आउटपुट टेस्टमधल्या अपेक्षित ‘चेक’ ओळींशी जुळवणाऱ्या टूलवर. पण चेकच्या ओळी स्क्रिप्टनं तयार करून घेतल्या की चुकीचं आउटपुटही इमानेइतबारे टेस्टमध्ये जाऊन बसतं आणि टेस्ट पास होते. डिफ (काय बदललं त्याची यादी) घाईत वाचला की संपलं.

म्हणून अलाइव्ह-२ हे असे बदल तपासणारं टूल घेतलं. आधीचा आणि नंतरचा आयआर (कम्पायलरचा मधला कोड) दिला की दोन्हींचा अर्थ झेड-३ या गणिती अटी सोडवणाऱ्या सॉल्व्हरपुढे मांडून ते फरक पाडणारं इनपुट शोधतं. ते बनवणाऱ्यांनी २०२१ च्या पेपरात एलएलव्हीएममधले ४७ नवे बग कळवल्याचं लिहिलंय, तेही एलएलव्हीएमच्याच टेस्ट चालवून. बिल्ड करण्यात माझा आख्खा शनिवार गेला (एलएलव्हीएम आरटीटीआय, म्हणजे सी++ ची रनटाइम टाइप माहिती, चालू ठेवून पुन्हा बिल्ड करावं लागतं). नुसतं करून बघायचं असेल तर कम्पायलर एक्स्प्लोरर या वेबसाइटवर आहे.

बिनलूपच्या कोडबद्दल तक्रार नाही. बेरजांचा क्रम बदलताना मी एनएसडब्ल्यू (‘साइन्ड ओव्हरफ्लो होणार नाही’ ही खूण) तसाच ठेवला होता. नंतरच्या कोडमध्ये पॉयझन (ती हमी मोडल्यावर येणारी निरर्थक किंमत) येतंय, हे त्यानं लगेच दाखवलं.

लूपचं प्रकरण वेगळं. सोर्स-अनरोल या पर्यायाला (सोर्स म्हणजे आधीचा कोड, टार्गेट म्हणजे नंतरचा) जो आकडा द्याल तेवढ्याच फेऱ्या ते उलगडतं. त्यापुढचं विचारातच घेत नाही. याचा अर्थ मला एका साध्या लूपनं शिकवला : ० पासून एन−१ पर्यंतची बेरीज. ओ-२ या ऑप्टिमायझेशनच्या पातळीवर लूप गायब होतो आणि शाळेतल्या एन × (एन−१) ÷ २ च्या वळणाचं सूत्र येतं. गंमत म्हणजे गुणाकार आय-३३ मध्ये असतो. तेहतीस बिट! दोननं भागण्याआधी वरचा बिट गळू नये म्हणून एक जास्तीचा.

मी मुद्दाम नंतरच्या आयआरमध्ये तोच गुणाकार ३२ बिटांत लिहिला आणि अनरोल ८ दिलं. निकाल : ‘ट्रान्सफॉर्मेशन सीम्स टू बी करेक्ट!’ टूल खोटं बोललं नाही. गुणाकार ओव्हरफ्लो होतो तो एन ६५,५३७ झाल्यावर. तिथं हवेत २,१४,७५,१६,४१६ आणि मिळतात ३२,७६८. आठ फेऱ्यांत हे दिसणार कुठून? आकडा वाढवत नेला तर झेड-३ टाइमआउट होतो.

उपाय सापडला तो रुंदी कमी करण्यात. सगळं आय-४ मध्ये (चार बिटांत) लिहिलं की लूप जास्तीत जास्त १५ फेऱ्यांचा, अनरोल १६ मध्ये सगळी इनपुटं आली. चुकीची आवृत्ती क्षणात पडली : एन ५, सोर्सचं उत्तर १०, टार्गेटचं २. शेजारी कंसात ‘−६’ पण छापलेलं असतं, सुरुवातीला त्यानं मी दचकायचो; तो त्याच १० चा साइन्ड अर्थ. सूत्र आय-५ मध्ये केलं, पास.

लूप पास स्वतः आय-४ वर वेगळा वागू शकतो, त्यामुळे नंतरचा आयआर बरेचदा हातानंच लिहावा लागतो. कंटाळवाणं आहे, पण आता बेरीज-गुणाकाराच्या प्रत्येक टेस्टला मी अशी धाकटी जोडीदार ठेवतो. मेमरीत लिहिणाऱ्या लूपना मात्र ही युक्ती क्वचितच पुरते. तिथं रात्री सीस्मिथ (यादृच्छिक सी प्रोग्राम तयार करणारं टूल) चालू करून घरी जातो आणि सकाळी ओ-० (ऑप्टिमायझेशन बंद) आणि ओ-२ ची उत्तरं कुठे जुळली नाहीत ते बघतो.