उद्यमनगरातलं एअर ब्रेकचं गॅरेज: जुनी बस कॅम्पर केलेल्यांसाठी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या या छोट्या गॅरेजात हवा गळते म्हटलं की लगेच व्हॉल्व्ह बदलत नाहीत, हेच मोठं. आधी तपासणी: चाकांना दगड, प्रेशर 8 बारच्या आसपास, इंजिन बंद. ब्रेक दाबल्यावरच काटा उतरला तर दोष बूस्टरच्या (चाकाजवळच्या हवेच्या डब्याच्या) डायफ्राममध्ये, म्हणजे आतल्या रबरी पडद्यात, किंवा फूट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे ब्रेक पेडलच्या व्हॉल्व्हमध्ये. न दाबताही उतरला तर टाकी आणि पाइपांचे जोड. मग गळती शोधायला साबणाचा फेस. कॅम्पर करताना फरशीखाली वाकवलेला पाइप बहुतेक वेळा इथेच सापडतो!

हवेच्या टाकीच्या ड्रेनमधून दुधाळ, तेलकट पाणी आलं तर कॉम्प्रेसरच्या रिंगाही तपासतात. तेल येत राहिलं तर हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरचा नवा फिल्टरही लवकरच बाद होतो. स्लॅक अ‍ॅडजस्टर (ब्रेकची ढील काढणारा भाग) हा, लायनर ड्रमला टेकेपर्यंत आवळून पाव ते अर्धा फेरा मागे घेतात, मग प्रत्येक चाकाचा पुशरॉड (बूस्टरचा दांडा) किती सरकतो ते पट्टीने मोजतात. गगनबावड्याचा घाट उतरायचा तर हे हवंच. स्प्रिंग ब्रेकच्या (पार्किंग ब्रेकच्या) बूस्टरचा क्लँप मात्र स्प्रिंग दाबून धरणारा केज बोल्ट लावूनही उघडत नाहीत, अख्खा बूस्टरच बदलतात. बरोबर आहे, ती स्प्रिंग जीव घेते.

खटकलं एवढंच: बिलात सगळं 'ब्रेक काम' म्हणून एकाच ओळीत. रबर किट कुठल्या कंपनीचं, ते आधीच विचारून घ्या.