सन हिल ठाण्याच्या आतून

यंदाच्या पावसाळ्यात फोंड्याच्या आमच्या घरी ‘द बिल’ ही जुनी ब्रिटिश पोलीस मालिका आम्ही रोज रात्री जेवणे आटोपल्यावर नेमाने पाहिली. 1983 साली एका सुट्या नाटिकेच्या रूपाने तिची सुरुवात झाली, पुढच्या वर्षी आयटीव्ही वाहिनीवर ती मालिका म्हणून आली आणि 2010 च्या ऑगस्टपर्यंत चालली. भागांची संख्या दोन हजारांच्या वर जाते. त्यामुळे सगळे पाहिल्याचा दावा मी करत नाही.

पूर्व लंडनमधले सन हिल हे काल्पनिक पोलीस ठाणे आणि तिथला रोजचा राबता एवढाच तिचा विषय. तिचे खरे बळ मात्र निर्माते जेफ मॅक्वीन यांच्या मूळ रचनेत आहे. सुरुवातीच्या अनेक वर्षांत कॅमेरा पोलिसांना सोडून कुठे जातच नाही. गुन्हा घडताना आपल्याला दिसत नाही, गुन्हेगाराचे घर दिसत नाही. दारावर थाप मारणाऱ्या शिपायाला जेवढे ठाऊक, तेवढेच आपल्यालाही ठाऊक असते. दार उघडणारा माणूस खरे बोलतो की खोटे, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच ताडावे लागते, आणि म्हणून अर्ध्या तासाचा साधा चोरीचा भागही मन धरून ठेवतो.

आमच्या शेजारचे भाऊ गोवा पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना सर्वांत भावली ती कोठडीच्या टेबलावरची दृश्ये. पकडून आणलेल्या माणसाच्या खिशातली नाणी, किल्ल्या, कमरेचा पट्टा असे एकेक समोर ठेवले जाते आणि सार्जंट प्रत्येक वस्तूची नोंद करून त्याची सही घेतो. ‘अंगझडतीचा पंचनामा असाच सावकाश व्हायला हवा,’ असे भाऊ म्हणाले, आणि ते दृश्य त्यांनी मागे नेऊन पुन्हा पाहिले. इंग्लंडमध्ये 1984 च्या कायद्याने कोठडीतल्या माणसाची जबाबदारी तपास अधिकाऱ्याकडे न ठेवता वेगळ्या सार्जंटवर सोपवली. तपास अधिकारी घाईला आलेला असतो, सार्जंट नियमावर अडून बसतो, आणि त्या ताणातून या मालिकेला उत्तम संवाद मिळाले आहेत.

थोरल्या ताईंचे मत वेगळे आहे. त्यांना 2002 नंतरचे भाग आवडतात, कारण तेव्हा पोलिसांची घरे, संसार, प्रेमप्रकरणे पडद्यावर आली. त्याच वर्षी ठाण्याला लागलेल्या आगीत सहा पोलिसांचा बळी गेला. तो प्रसंग पाहताना ताईंचे डोळे भरून आले होते. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे, तरीही या वळणावर मालिकेने आपली ओळख गमावली, असे मला मनापासून वाटते. संसाराच्या कथा इतर मालिकांतही मिळतात; रात्रपाळीला निघालेल्या शिपायाच्या खांद्याला खांदा लावून चालायला मात्र इथेच मिळत होते. शेवटच्या श्रेयनामावलीत फरसबंदीवरून चालणारी पोलिसांची दोन जोडी पावले दिसत, आणि मला वाटते, सगळी मालिका त्या चालण्यात आहे.

जून ॲकलंड आणि जिम कार्व्हर ही सन हिलमधल्या पोलिसांची पात्रे पहिल्या नाटिकेपासून आहेत. त्यांच्यासोबत म्हातारे होत जाण्याचा आनंद दुर्मीळ आहे. नव्याने पाहणाऱ्यांनी 1988 नंतरच्या अर्ध्या तासाच्या भागांपासून आरंभ करावा. लंडनची बोली आमच्या कानांना जड गेली, म्हणून इंग्रजी अक्षरपट्टी मिळाल्यास ती जरूर लावून ठेवावी.